हिमालयाचीं जुनीं छायाचित्रें

जुनीं छायाचित्रें पाहण्याचा मला फार दिवसांपासून नाद आहे. त्यांतही सॅम्युएल बोर्न याचीं हिमालयाचीं चित्रें हातीं आलीं कीं वेळ कसा जातो तें कळत नाहीं. हा गृहस्थ इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें बँकेंत कारकून होता. ती नोकरी सोडून तो १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला आणि त्या साली, तसेंच १८६४ व १८६६ सालीं, त्यानें हिमालयांत दूरवर सफरी केल्या.

त्या काळीं एक चित्र काढावयाचें म्हणजे केवढा खटाटोप! कांचेवर कोलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती कांच रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि लगेच तंबूच्या अंधारांत धुऊन काढावयाची. कांच वाळली कीं सारे श्रम फुकट. म्हणून कांचा, औषधें, तंबू असा कारखानाच बरोबर न्यावा लागे. पहिल्याच सफरींत सुमारें ३० हमाल होते. पुढें ही संख्या वाढतच गेली.

सिमला १८६४ सालीं सरकारची उन्हाळ्याची राजधानी झाली. तेथें हवा खावयास येणारे साहेब लोक हीं चित्रें विकत घेत. ज्यांस घाट चढणें नको, त्यांस आल्बमांत घरबसल्या हिमालय मिळे. बोर्नची मात्र तक्रार अशी कीं, या पर्वतांत आल्प्ससारखीं सरोवरें नाहींत! हें वाचून मला हंसूं आलें.

पण त्याच्याच प्रवासवर्णनांतील एक मजकूर वाचून हंसूं मावळतें. हमाल ओझीं टाकून पळाले, तेव्हां काठी घेऊन आपण त्यांस हुडकून मारलें, असें त्यानें बिनदिक्कत लिहून ठेविलें आहे. त्या डोंगरी मुलखांत बेगारीची चाल होती. शेतकऱ्यास हातचें काम टाकून ओझें उचलावें लागे. गेल्या वर्षीं राजगड चढतांना पाठीवरच्या चार किलोंनीं माझा जीव मेटाकुटीस आला होता, आणि तें ओझें माझें मीं घेतलेलें होतें.

१८६६ सालीं बोर्न मणिरंग खिंडींत पोहोंचला. १८,००० फुटांहून अधिक उंचीवर, बर्फांत, त्यानें तेथेंही कॅमेरा मांडला. या धैर्याचें कौतुक केलेंच पाहिजे; पण कॅमेरा तेथवर नेला कोणीं?

त्याच्या अनेक चित्रांत कड्याखालीं माणसाची एखादी लहानशी आकृति असते. कड्याची भव्यता कळावी म्हणून ती तेथें उभी करीत. भिंग हातीं घेतलें कीं माझी नजर प्रथम तिकडेच जाते. अंगावर घोंगडी आहे कीं नाहीं, एवढें दिसलें तरी बरें वाटतें.