प्रवाळाचा गलबला

झाक कुस्तोचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. एमिल गान्याँच्या साथीने त्याने 1943 साली पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी चढवली, म्हणून माझ्यासारखी मुंबईची बाई लक्षद्वीपच्या प्रवाळापर्यंत पोचू शकली. पण 1956 साली समुद्राखालच्या आपल्या चित्रपटाला त्याने ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे नाव दिलं, ते मला मुळीच मान्य नाही.

कडमत हे लक्षद्वीपमधलं लांबोडकं बेट. पश्चिमेच्या पोपटी लॅगूनमधून होडी प्रवाळाच्या खिंडीबाहेर पडते आणि पाणी एकदम गर्द निळं होतं. काठावर बसायचं, मास्क हाताने दाबून धरायचा आणि पाठीवर झोकून द्यायचं. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, तेव्हा कान सांभाळत सावकाश उतरायचं. लाल रंग सगळ्यांत आधी विरतो. तेवढ्यात ऐकू येतं: तडतड, चहूकडून, गरम तेलात मोहरी पडावी तशी.

ही तडतड बोटभर कोळंबीची. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो बुडबुडा फुटल्याचा. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठून आला हे आपल्या कानांना उमगत नाही. सगळा समुद्रच बोलतोय असं वाटतं. जवळ गेलं की पोपटमासा चोचीने खडक खरवडताना करकर ऐकू येते. शेवाळाबरोबर चुनखडी त्याच्या पोटात जाते आणि बारीक वाळू होऊन बाहेर पडते. अशा बेटांचे पांढरे किनारे थोडेफार त्याचेही आहेत.

सगळ्यांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. उघड्या समुद्रात वाढलेली माशांची पिल्लं घर शोधत येतात तेव्हा याच गलबल्याचा माग काढतात. गजबजलेला खडक त्यांना हाक मारतो.

1998, 2010 आणि 2016 साली पाणी तापलं आणि लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. अंगात राहून अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल उष्म्याने निघून जातं. प्रवाळ तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं. नाहीतर मरतं, हळूहळू खडक ओस पडतो, हाक क्षीण होत जाते. अशा एका उतारावर मी गेले आहे. तडतड होती, पण विरळ. माझ्याच श्वासाचे बुडबुडे जास्त ऐकू येत होते. मला ते सोसवलं नाही.

समुद्र थंड ठेवणं एकट्यादुकट्या पर्यटकाच्या हातात नाही, हे खरं. पण मेलेल्या सांगाड्यावरही नव्या प्रवाळाची अळी येऊन चिकटते. म्हणून तिथे जाल तेव्हा हात अंगाशी ठेवा, होडीचा नांगर खडकावर पडू देऊ नका आणि किनाऱ्यावरचा पांढरा तुकडाही खिशात घालू नका. खडक बांधणारं प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला.