सांव हॉकीचं विरजण

बेलो ओरिझोंचीच्या बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीशी उभी राहून मी तीन वेळा म्हणाले, "साव रोक." खिडकीतली मुलगी मन लावून ऐकत होती, पण माझं गाव काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी वहीच्या पानावर नाव लिहून ते काचेला लावलं, तशी ती खुलली. "आ! सांव हॉकी!"

ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र घशातून, आपल्या ह सारखा येतो. आणि जिथे ह लिहिलेला असतो, तिथे तो म्हणायचाच नसतो. दोन महिने मोबाईलवर पोर्तुगीज गिरवलं होतं. ते पहिल्याच खिडकीवर हातातून निसटलं आणि मला खरोखर भीती वाटली. कामानिमित्त आले होते तेव्हा शहरात इंग्रजीवर निभावलं होतं. आता मात्र पाच दिवसांची सुट्टी होती आणि मी एकटीच निघाले होते, मीनास जेराईस राज्यातल्या सांव हॉकी जी मीनास नावाच्या गावाला. शहरापासून साधारण ३०० किलोमीटर, वस्ती जेमतेम सात हजार. वाटेतल्या पिउंई गावी उतरायचं आणि तिथून पुढे डोंगराकडे.

ओढ होती ती चीजची. मीनासमधली गावठी चीज करायची पारंपरिक रीत युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा मी त्याबद्दल वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की कालच्या चीजमधून निथळलेलं पाणी आजच्या दुधात घालतात. म्हणजे विरजणच की! माझं माहेर उदगीरकडचं. आजीच्या घरातलं विरजण तिच्या सासूच्या वेळचं होतं, असं ती सांगायची. एवढ्या एका धाग्यावर मी बसमध्ये बसले.

जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. पाऊस नाही, गवत पिवळं पडलेलं, रस्त्याकडेच्या पानांवर लाल धूळ. दूरवर कनास्त्राचा डोंगर दिसला. कनास्त्रा म्हणजे जुन्या घरांत असते तशी पेटी, संदूक. डोंगराचा माथा खरंच झाकण लावल्यासारखा सपाट आहे.

मुक्कामाचं घर गावाच्या कडेला होतं आणि मागे गोठा. फाटक बंद. बेल कुठेच दिसेना. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. कुत्रं भुंकलं, बाकी काही नाही. सायकलवरून जाणारा एक मुलगा थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि फाटकासमोर उभं राहून जोरात तीन टाळ्या वाजवल्या. "ओ जी काझा!" घरात आहे का कुणी? दार लगेच उघडलं. इथे दाराशी टाळी वाजवून हाक घालतात. कडी वाजवायची नाही, अंगणात शिरायचं नाही, बाहेरूनच टाळी.

घरच्या बाई साठीच्या असतील. हात पुसत बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "पॉइस नांव?" नांव म्हणजे 'नाही', एवढं मला पक्कं ठाऊक होतं. खोली नाही म्हणतायत असं समजून मी मान हलवली, बॅग उचलली आणि वळले. रडू यायचंच बाकी होतं. त्या फाटक उघडून माझ्या मागे धावल्या, दंड धरला आणि थेट चुलीपाशी नेऊन बसवलं. 'पॉइस नांव' म्हणजे 'बोला, काय हवंय', हे मला त्यांच्या नातीने दुसऱ्या दिवशी फोनवरच्या भाषांतरातून समजावलं. ती पंधरा-सोळा वर्षांची, आणि पुढचे चार दिवस तो फोन हाच माझा आधार होता.

अशा शब्दांनी मला तिथे सारखं चकवलं. किल्लीला चावी, बादलीला बाल्दी, बटाट्याला बटाटाच. ऐकलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं, कारण हे शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठी झाले. 'पगार' त्यांच्याकडे क्रियापद आहे, पैसे चुकते करणं. पण विश्वास ठेवला की फसायला व्हायचं. मी कोबी मागितला, तर 'कोवि' म्हणून केसासारखी बारीक चिरलेली, लसणावर परतलेली गडद हिरवी पानं आली. गड्ड्याच्या कोबीचं नाव तिथे वेगळंच. चीजशेजारी लाल, घट्ट वडी ठेवली होती. चव ओळखीची वाटली, म्हणून मोठ्या आनंदाने विचारलं, "पेरू?" बाई चमकल्या. त्यांच्या भाषेत पेरू म्हणजे टर्की पक्षी! आपला पेरू म्हणजे 'गोयाबा', वडी ती 'गोयाबादा', आणि चीजबरोबर खाल्ली की त्या जोडीचं नाव रोमिओ-ज्युलिएट.

जेवणाचा प्रश्न जास्त अवघड होता. मी मांस खात नाही. 'सें कार्नि', मांस नको, हे दोन शब्द घोकून गेले होते. ताटात कोंबडी आली. 'कार्नि' म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गाय-बैलाचं मांस येतं. कोंबडी त्यात धरत नाहीत. घेवड्याच्या आमटीत डुकराच्या चरबीचे तुकडे होते. मी ताटापुढे गप्प बसले, कारण अन्न परत करायचा धीर होईना. नातीने फोन पुढे केला, मी लिहिलं. बाईंनी वाचलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलीवर दोन भांडी होती, एक सगळ्यांसाठी आणि एक लहान माझ्यासाठी. पुढे चारही दिवस ती दोन भांडी राहिली. त्या माउलीचे आभार मानायला माझ्याकडे 'ओब्रिगादा' सोडून शब्द नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

न्याहारीला 'पांव जी केझु' असायचे, चीजचे गरम, गोल पाव. गव्हाचा कणही नाही. कसाव्याच्या कंदाचं पीठ आणि चीज. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच हा, आणि त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिका. आपल्या एकादशीच्या ताटातली गोष्ट इथल्या मातीतली आहे, हे कळल्यावर मी तो पाव हातात घेऊन बराच वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाईंनी मला गोठ्यात नेलं. अंधार, थंडी, शेणाचा वास. दिवा लागला आणि समोर ज्या गाई दिसल्या त्यांना पाहून पाय थबकले. फुगीर कपाळ, दुमडलेल्या पानासारखे लांब लोंबते कान, पाठीवर वशिंड. गीर! काही शुद्ध, काही होल्स्टिनशी संकर केलेल्या, ज्यांना तिथे जिरोलांदो म्हणतात. भारतातून ब्राझीलमध्ये गाई-वळू एकोणिसाव्या शतकापासून गेले, शेवटची मोठी खेप १९६२च्या सुमाराची. वाचून हे माहीत होतं, पण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पहाटेच्या अंधारात ते कान हलताना बघणं वेगळं. आमची देवणी गाय गीरच्याच रक्तातली, डांगी आणि गावरान जनावरांबरोबर घडलेली. मी एका गाईच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवला आणि तिने आमच्या गाईसारखीच मान वर केली.

धार काढायच्या आधी वासरू सोडलं. ते दोन-चार घोट प्यालं, मग त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधलं आणि तिथेच ठेवलं. का, ते मला कुणी सांगावं लागलं नाही. या जातीच्या गाई सहसा वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. गोठ्यातल्या त्या अर्ध्या तासात मला एकाही शब्दाची गरज पडली नाही, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच माझी छाती मोकळी झाली.

दूध तसंच, अंगच्या उबेचं, गोठ्यालगतच्या पांढऱ्या खोलीत आलं. तापवायचं नाही, थंड होऊ द्यायचं नाही. बाईंनी एका बाटलीतून पिवळसर पाणी त्यात ओतलं. "पिंगु," त्या म्हणाल्या. पिंगु म्हणजे थेंब. मग दूध साकळायचं औषध घातलं. ते मूळचं वासराच्या जठरातलं असतं हे मला तिथेच कळलं. मनात चलबिचल झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. मी चीज चाखलं, पण थोडंच.

तासाभरात दूध दह्याच्या कवडीसारखं बसलं. ते कापून, हलवून, निवळी काढून त्यांनी फडक्यात घेतलं आणि गोल साच्यात भरून दोन्ही तळव्यांनी दाबायला सुरुवात केली. यंत्र नाही, वजन नाही. खांद्यातून जोर यायचा, तळव्यापाशी येऊन तो हळू व्हायचा. पाणी थांबायचं, साचा फिरायचा, पुन्हा तळवे. बोटांची पेरं फुगलेली होती, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. किलोभर चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. मग वर जाडं मीठ, आणि रात्रभर साचा फळीवर. फळीला उतार आणि उताराच्या टोकाला भांडं. मीठ लागल्यावर जे पाणी थेंब-थेंब त्या भांड्यात पडतं, तोच उद्याचा पिंगु. त्या गोठ्याचे, त्या कुरणाचे, त्या खोलीचे जंतू त्यात असतात, म्हणून प्रत्येक घरचं चीज वेगळं लागतं. असं चीज राज्याबाहेर विकायला कित्येक वर्षं कायद्याची आडकाठी होती. २०१८ साली कायदा बदलला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. पिढ्यान् पिढ्या ज्या हातांनी हे सांभाळलं त्यांना इतकी वर्षं चोरासारखं विकावं लागलं, हा अन्याय होता असंच मी म्हणेन.

मधल्या एका दिवशी जीपमधून डोंगरावर गेले. तिथे १९७२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि सांव फ्रान्सिस्कु नदीचा उगम. सुमारे २८०० किलोमीटर वाहणारी नदी! त्र्यंबकेश्वर पाहिलेलं, त्यामुळे कुंड, पायऱ्या, गर्दी मनात होती. तिथे ओलं गवत, गुडघाभर झुडपं आणि संत फ्रान्सिसचा पुतळा. पाणी कुठे आहे हे वाटाड्याने बोटाने दाखवावं लागलं. हीच नदी पुढे कास्का दांतापाशी १८६ मीटर खाली कोसळते. वाटेत दूर गवतात मुंगीखाऊ दिसला, शेपटी झाडूसारखी. दोन मिनिटंच.

शेवटच्या दिवशी सकाळी बॅग भरत होते. बाई गोठ्याकडे होत्या. फाटकावर टाळ्या वाजल्या. मी उठले, आणि बाहेर जाऊन म्हणाले, "पॉइस नांव?" शेजारची बाई होती, हातात प्लास्टिकची रिकामी बाटली. ती भराभरा बोलली. मला कळले ते दोनच शब्द, चीज आणि पिंगु. पण दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेत ती दाखवत होती की चीज फुगतंय. पिंगु बिघडला होता. आमच्याकडे विरजण नासलं की भांडं घेऊन शेजारी जातात, तशी ती आली होती. आजी तिन्हीसांजेनंतर विरजण देत नसे, पण सकाळी मागायला आलेल्या बाईला तिने कधी रिकामं पाठवलं नाही.

मी तिला पांढऱ्या खोलीकडे नेलं. घरच्या बाईंनी भांड्यावरचं फडकं काढलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. पैशांचं कुणी बोललं नाही. चुलीवर कॉफी होती, पण शेजारीण थांबली नाही. बाटली स्वेटरच्या आत धरून ती लाल धुळीच्या रस्त्याने लगबगीने निघाली. तिच्या घरी धार काढून झाली होती आणि दूध उबदार होतं तोवर तिला पोचायचं होतं.