कोणत्या खात्यात?

उत्तम डॉक्टर कोणास म्हणावे अशी चर्चा निघाली म्हणजे करुणा, धैर्य आणि हातगुण यांचा महिमा प्रथम गायिला जातो. त्या गुणांविषयी मला अनादर नाही; परंतु एका अंगास पोर्ट ट्रस्टची गुदामे आणि दुसऱ्या अंगास काळाचौकीच्या चाळी अशा मुंबईतल्या कॉटन ग्रीनच्या वस्तीत ज्याने दवाखाना चालविला, त्याला चौकसपणासारख्या रुक्ष गुणाचे मोल अधिक वाटू लागते, आणि पुढेपुढे तर इतर गुण त्याच्याच आश्रयाने राहतात की काय असा संशयही येतो.

गिरण्या चालू होत्या त्या काळी एखादा प्रौढ कामगार समोर बसून सांगे, "डाक्टर, सोमवारी कामावर गेलो की छाती आवळून येते, मंगळवारी आपोआप सुटते." ही तक्रार ऐकून मुकादमास कामचुकारपणाचा वास येई, घरच्यांस रविवारच्या चैनीचा, आणि घाईतल्या डॉक्टरास क्षयाचा, शिवडीचे क्षयरोग रुग्णालय इतके जवळ असता हा तिसरा तर्क गैरही नव्हे, थुंकी तपासलीच पाहिजे. पण थुंकी निर्दोष निघाली आणि छातीच्या फोटोतही काही सापडले नाही, म्हणजे यंत्राची विद्या संपते व एका साध्या प्रश्नाची पाळी येते: कोणत्या खात्यात? उत्तर ब्लो रूम किंवा कार्डिंग असे आले की कोडे उलगडू लागते. कारण गाठी फोडून कापूस पिंजण्याच्या त्या खात्यांतच धूळ सर्वांत दाट, तिच्यात बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा आणि जंतूंची विषे मिसळलेली, आणि सुट्टीने विसावलेल्या श्वासनलिका तिची पुन्हा गाठ पडताच आक्रसतात. वर्षे लोटतात तशी ही पीडा सोमवारवरून मंगळवार, बुधवार अशी सरकत सारा आठवडा व्यापते, आणि मग इलाज फारसा उरत नाही.

रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या व्याधींवर ग्रंथ काढला, आणि हिपोक्रेटिसने सांगितलेल्या प्रश्नांत रोग्याचा धंदा विचारण्याची भर घातली. केसपेपरावरची धंद्याची अर्धी ओळ तरीही बहुधा कोरीच राहते, याचे मला नवल वाटते.

खाते बदला, हे सांगणे सोपे. परंतु रोज गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळाले तर मिळाले, अशा बदली कामगारास ते सांगताना जीभ अडखळे. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि तीच माणसे कोठे पहारेकरी, कोठे भाजीवाले होऊन तोच दम घेऊन येऊ लागली. आता 'काय करता?' यास 'वॉचमन' असे खरेच उत्तर मिळते, सबब 'त्याआधी?' असे विचारणे भाग पडते, आणि त्याचा जबाब पुष्कळदा शेजारी बसलेली पत्नी देते. तो जबाब खाते, साल आणि तारखेसह कागदावर उतरवावा. हा विकार कामगार विम्याच्या कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून नमूद आहे, आणि गिरणीची हजेरीबुके हाती लागेनाशी झाली तरी जुना केसपेपर दाव्याच्या कामी येऊ शकतो. सुवाच्य अक्षरास मी वैद्याच्या गुणांत जागा देतो ती यामुळेच. माझ्या अक्षराविषयी आमच्या कंपाउंडरचे मत मात्र निराळे आहे.