विकण्यासाठी घेतलेली येझदी

आम्हां दोघा भावांना जुन्या यंत्रांचा नाद आहे, ही गोष्ट आमच्या घरी कोणालाच फारशी भूषणास्पद वाटत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत खानापूरच्या बाजूने एक येझदी रोडकिंग आम्ही ३५,००० रुपयांना घेतली, ती मात्र नादापायी नव्हे. घरीच दुरुस्त करून ती विकावी, चार पैसे सुटावेत आणि आईने घराच्या शाकारणीसाठी ठेवलेली रक्कम पावसाळ्यापूर्वी तिच्या हाती परत द्यावी, असा बेत होता. भांडवल आईचेच होते, हे यावरून ध्यानात येईलच.

गाडीची दशा शोचनीय होती. पूर्वीच्या मालकाच्या चिरंजिवांनी तिची 'डर्ट बाईक' केली होती. मडगार्ड करवतीने कापलेले, दोन्ही सायलेन्सरांची शेपटे उडविलेली, जाड खाचांचे टायर बसविलेले, आणि अशा थाटात तिला उसाच्या फडांतून पिटाळलेले. चिखलासाठीच जन्मलेली गाडी हलकी असते, तिचे इंजिन जमिनीपासून उंच असते, आणि धक्के गिळण्यासाठी तिच्या चाकांना वरखाली हलायला पुष्कळ वाव असतो. यातले त्या बिचारीपाशी काय होते? शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. तेथे हे रूप कोण चालवून घेणार? तेव्हा तिला मूळ रूप द्यावयाचे ठरले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या घराण्याच्या गाड्या निघत. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. सुटे भाग मिळविण्यात आमचे दोन महिने गेले.

टाकीतला गंज काढण्यासाठी तीत बारीक खडी व धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून आम्ही ती आळीपाळीने इतकी हलविली की शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले, "ताक करताय काय रे?" कार्बोरेटरची भोके तांब्याच्या तारेने मोकळी केली, रंग दिला. एकच दांडा आधी किक म्हणून मारायचा आणि मग पुढे वळवून त्यानेच गिअर टाकायचे, ही या गाडीची खुबी. एप्रिलअखेर तिसऱ्या किकेला ती बोलू लागली, तेव्हा आम्हांला गहिवरून आले. वडगावचा एक तरुण ७२,००० देण्यास तयार झाला.

पण कान शांत होईनात. मूठ सोडली तरी इंजिनाचा वेग खाली येत नसे. प्लग काढून पाहिला, तर तपकिरी असावयाचा तो पांढुरका! टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते आणि तेथून वर जाते. म्हणून ती पेटी हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते कडक होतात, आणि नको तेथून हवा आत शिरते. या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते आणि उष्णता वाढते. आमचा संशय डायनामोच्या बाजूच्या सीलवर होता. बाहेरून काहीच दिसत नव्हते. क्रँकच्या सीलांसाठी सगळे इंजिन उतरविणे आले.

"दादा, महिनाभर तरी काही होणार नाही," धाकटा म्हणाला.

"आणि महिन्यानं?" आईने तांदूळ निवडता निवडता विचारले.

"पिस्टन अडकेल. मागचं चाक जाम होईल."

"आणि वर बसलेला?"

आम्ही दोघेही गप्प बसलो.

"उघडा ते," ती म्हणाली. "गळक्याखाली पातेलं ठेवता येतं."

सील बोटांत धरताच शिळ्या भाकरीसारखे मोडले. आत पाहिले तर सिलिंडरवर उभे ओरखडे होते. उद्यमबागेतील एका लेथवर बोअर मारून घेतले. मोठ्या मापाचा पिस्टन आणि क्रँकचे बेअरिंग नवे घातले. यात १५,८०० रुपये आणि अडीच महिने गेले. मिस्त्रींना आमच्याखेरीजही गिऱ्हाइके होती, त्यांना दोष कसा द्यावा? वडगावचा तरुण थांबला नाही. त्याला खरे कारण सांगितले होते. किंमत पाडून घेण्याऐवजी आम्हीच ती वाढवू पाहतो आहोत असे त्याला वाटले असावे.

जुलैचा पाऊस आला तेव्हा माजघरात तीन पातेली आणि पडवीत येझदी अशी मांडणी होती. रात्री थेंबांचा आवाज ऐकत आम्ही हिशेबाची वही उघडत असू आणि मिटत असू.

ऑगस्टमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी ती ७०,००० ला घेतली. बोअर मारलेले आहे, पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवा, हे आम्ही त्यांना लिहूनच दिले. त्यांनी मोडके सील मागून घेतले आणि चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. आमचा एकंदर खर्च ६९,४०० झाला होता.

शाकारणी दिवाळीनंतर झाली. तोवर दोन वासे आणि बऱ्याच रिपा कुजल्या होत्या, तो भुर्दंड वेगळा. नफ्याचे सहाशे रुपये आम्ही आईच्या हातावर ठेवले. तिने त्यांचे ॲल्युमिनियमचे एक मोठे पातेले आणले.