हात तोच, पाय सरकव

लहानपणी वाड्याच्या अंगणात मी लेगस्पिन टाकायचो. निदान मी तरी त्याला लेगस्पिन म्हणायचो! त्यामुळे डेट्रॉइटजवळच्या आमच्या गावात ऑफिसातल्या मंडळींनी मला गुरुवारच्या बोलिंग लीगमध्ये ओढलं, तेव्हा मनात म्हटलं, हे तर आपलंच काम. उजव्या हाताने टाकलेला चेंडू उजवीकडून डावीकडे वळवायचा. फरक इतकाच, की हा चेंडू 14 पौंडांचा.

पहिल्या गुरुवारी तो बहुतेक गटारातच गेला. (इथेही त्याला 'गटर'च म्हणतात, तेवढाच आपलेपणा.)

आता वळवायचाच कशाला, सरळ का नाही टाकायचा? तर लेन 60 फूट लांब, रुंदीला जेमतेम साडेतीन फूट आणि टोकाला त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना. सरळ आलेला चेंडू पहिल्या पिनेला धडकून सहज बाजूला ढकलला जातो. तोच वळत, जरा तिरका, पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत शिरला, तर दहाच्या दहा आडव्या होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

तिथले प्लॅस्टिकचे चेंडू फारसे वळत नाहीत, म्हणून मी बोटांच्या मापाने भोकं पाडून घेतलेला रेझिनचा चेंडू आणला. मनगट जोरात फिरवायचो. एखादा असा झकास वळायचा, की शेजारच्या लेनवरचे लोकही बघायचे. पुढचा 'अगदी तसाच' टाकला की भलतीकडे.

आमच्या टीममध्ये मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले बहात्तर वर्षांचे एक आजोबा आहेत. दोन आठवडे गप्प बसून बघत होते. मग म्हणाले, "तू हात चेंडूच्या डोक्यावरून नेतोयस. बाजूला ठेव. शेकहँडला पुढे करतो तसा. आधी अंगठा सुटू दे, मग बोटं त्यांचं काम करतील. आणि पिनांकडे बघू नकोस. अलीकडे लेनवर बाण आहेत ना, त्यातल्या उजवीकडून दुसऱ्या बाणावरून चेंडू जाऊ दे."

दोन महिन्यांत जमायला लागलं. पण तिसऱ्या गेमला गाडी हमखास घसरायची. चेंडू लवकर वळून पार डावीकडे जायचा. मग मी मनगट ताठ करून बघ, वेग वाढवून बघ, अंगठा फिरवून बघ... दर चेंडूला नवा प्रयोग.

"हात कशाला बदलतोस?" आजोबा एकदा वैतागून म्हणाले. "लेनवरचं तेल सरलंय. हात तोच, बाण तोच. फक्त पाय सरकव. डावीकडे चुकतंय ना, मग डावीकडेच सरक."

जिकडे चुकतंय तिकडेच सरकायचं? पण खरंच आहे. डावीकडून त्याच बाणावरून टाकला की चेंडू आधी जास्त उजवीकडे जातो, आणि परतायला त्याला जागा मिळते.

त्याच रात्री घरी लेकीशी वाजलं. ती पंधरा वर्षांची. मार्क घसरले म्हणून मी फोनचा नवा नियम काढला होता. त्या महिन्यातला तिसरा. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तू सारखे नियम बदलतोस. तुला नक्की काय हवंय तेच मला कळत नाही."

उत्तर जिभेवर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण 'हात कशाला बदलतोस' आठवलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून एकच नियम ठरवला. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. पंधरा दिवसांत तो मोडायला लागला. नियम बदलायची सवय उफाळून आली होती, पण या वेळी मी सरकलो. माझाही फोन ओट्यावर ठेवायला लागलो. सहा महिने झाले, नियम तोच आहे. मधूनमधून मोडतो, बहुतेक वेळा माझ्याकडूनच, आणि ती ते आवर्जून लक्षात आणून देते.

लीगमध्ये माझी सरासरी 118 वरून 141 वर आली आहे. तिसऱ्या गेमला मनगट अजूनही वळवळतं. अशा वेळी आजोबा काही बोलत नाहीत, मागून नुसतं खाकरतात.

असो. मी पाय सरकवतो.