तिरफळं आणि चार सिउ

आमच्या आदिलाबादेत चायनीज म्हणजे गाड्यावरचं मंचुरियन. त्यामुळे मुलीने परवा 'चार सिउ' करायचं काढलं, तेव्हा आधी नावच नीट शिकावं लागलं. मूळचा कॅन्टनी प्रकार, नावाचा अर्थ काट्यावर भाजलेलं. खरं तर डुकराच्या मांसाचा, पण आम्ही कोंबडी आणली.

सोया सॉस, मध, आलं-लसूण जमलं. अडलं पाच मसाल्यांच्या पुडीवर. चक्रफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप घरात होती. सेचवान मिरी कुठून आणायची? बायको म्हणाली, "अहो, ती आमच्या तिरफळांचीच बहीण!" ती पेडण्याची. दोन्ही एकाच कुळातली, जीभ तशीच झिणझिणते. पण डब्यातली ती मूठभर तिरफळं तिच्या आईने दिलेली, आणि सासूबाई जाऊन वर्ष होत आलेलं. मी नको म्हटलं. तोवर तिने बिया काढून सालं खलबत्त्यात टाकलीही होती.

आणि मी पहिली खेप जाळली! मध सुरुवातीलाच फासला. वरून करपलं, आत कच्चं. मी तिच्याकडे बघेचना. उरलेले तुकडे मंद आचेवर शिजवले आणि मध अगदी शेवटी, तीनदा लावला. तेव्हा कुठे निर्मलच्या खेळण्यांसारखी चकाकी आली. (निर्मल २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, म्हणून ही उपमा.)

तिने एक तुकडा खाल्ला.

"आईला नसतं आवडलं," म्हणाली, आणि दुसरा घेतला.