चपला दाराबाहेर

नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर एक उथळ टब ठेवलेला असतो. टबात ब्लीचचं पाणी आणि त्यात भिजत पडलेली जुन्या टॉवेलची घडी. बाहेरून येणाऱ्याने चपलेचे तळवे त्या घडीवर टेकवायचे, चपला तिथेच काढायच्या आणि आत आल्याबरोबर साबणाने हात धुवायचे. आमच्या गल्लीत हे आता सगळ्यांना माहीत झालंय. नवखा पाहुणा मात्र विचारतोच, "कोरोना तर केव्हाचा गेला ना?" मग सांगावं लागतं की ज्या रोगासाठी हा टब आहे तो माणसांना होत नाही. घरात पाच मांजरं आहेत, त्यांच्यासाठी आहे हे.

मनी सगळ्यांत थोरली, अकरा वर्षांची. मग काळू बोका, मग शेवंता. तीळ आणि गूळ हे दोघे संक्रांतीच्या आठवड्यात एकाच खोक्यातून आले, म्हणून ती नावं. यातलं एकही मांजर घराबाहेर जात नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जाळी लावलेली गॅलरी एवढंच त्यांचं जग. जाळीतून समोरच्या आंटींची गच्ची दिसते. उन्हाळाभर तिथे पापड वाळत असतात आणि पाचही जणं रांगेत बसून त्या पापडांवरच्या चिमण्या बघतात. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध येतो तो फक्त माझ्यामार्फत. ही गोष्ट मला लोला नावाचं पिल्लू आल्यानंतर कळली.

२०२४ चा श्रावण होता. रक्षाबंधन होऊन काही दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी थदडी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी जरीपटका वसवला, फुलवला. त्यामुळे आम्ही मराठी घरंही थदडी ओळखतो. आदल्या दिवशी सगळ्या गल्लीत तुपावर भाजल्या जाणाऱ्या गोड लोल्यांचा वास असतो. दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. थंड चुलीवर पाणी शिंपडून शीतलामातेची पूजा करायची आणि शिळं, गार अन्न खायचं. शीतला म्हणजे देवीच्या रोगाची देवी. आपल्या विदर्भात गावोगावी कडुनिंबाखाली मातामाय असते ना, तीच ही. तिने घरावरून जावं पण आत येऊ नये, लेकरं गार राहावीत, एवढंच मागणं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. देवीचा रोग लसीने गेला, सण राहिला. राहिला ते बरंच झालं. साथीची भीती काय असते ते वर्षातून एकदा तरी आठवतं.

त्या संध्याकाळी आंटी लोल्याची ताटली घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बेटा, स्कूटर के नीचे देखो, कोई रो रहा है." पावसात भिजलेलं, दोनेक महिन्यांचं पिल्लू. रंग नेमका तव्यावरच्या लोल्यासारखा, गव्हाळ आणि मधे मधे खरपूस, म्हणून नाव लोला. मी ओढणीत गुंडाळून त्याला आत आणलं. सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि मांजरांच्याच टॉवेलने पुसलं. शेवंता जवळ आली, तिने वास घेतला. गूळने त्याचा कान चाटला. हे सगळं पाच मिनिटांत झालं. पिल्लाला न्हाणीघरात ठेवायची बुद्धी मला त्यानंतर सुचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोला पाण्याच्या वाटीपाशी बसली होती. पुढचे दोन्ही पाय वाटीला लागलेले, मान खाली, नाक पाण्यापासून बोटभर अंतरावर. पीत मात्र नव्हती. तहान एवढी की वाटी सोडवेना, आणि मळमळ एवढी की घोट उतरेना. अर्धा तास ती तशीच बसून राहिली. पाण्यात तिच्या मिशांची सावली पडली होती आणि ती थरथरत होती. ज्यांनी हा रोग पाहिला आहे त्यांना त्या बसण्यावरूनच कळतं. मला तेव्हा कळलं नव्हतं. मग पिवळ्या फेसाची उलटी झाली आणि मी रिक्षा केली.

दवाखान्यात कोरोनाच्या चाचणीसारखीच एक छोटी पट्टी असते. तिच्यावर दोन रेघा उमटल्या. रक्ताचा अहवाल आला, पांढऱ्या पेशी नऊशे. एरवी त्या पाच-सहा हजारांच्या वर हव्यात. फेलाइन पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो. कुत्र्यांना होणारा पार्वो १९७० च्या दशकात याच घराण्यातून निघाला. हा विषाणू आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज एकदमच पकडतो. म्हणजे जखम करतो आणि जखमेशी लढणारी फौजही मारून टाकतो. त्याला मारणारं औषध नाही. सलाइन लावायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं आणि शरीराला वेळ मिळवून द्यायचा.

डॉक्टरांनी सलाइन लावता लावता विचारलं, "ताई, घरच्यांच्या लसी?"

चौघांच्या झाल्या होत्या. गूळचा बूस्टर राहिला होता. ठरल्या दिवशी त्याला सर्दी होती म्हणून पुढे ढकलला, आणि मग दिवाळी, लग्नं, उन्हाळा यांत विसरला. टॉवेल, ओढणी, चाटलेला कान, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

त्या दिवशी डॉक्टरांकडून जे ऐकलं ते अजून पाठ आहे. हा विषाणू घरातल्या फरशीवर, कापडावर, चपलेच्या तळव्यावर वर्षभरसुद्धा टिकू शकतो. हाताला चोळायच्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं ओलं राहायला हवं. आजारी मांजराची विष्ठा रस्त्यावर पडते, पावसात पसरते, तिच्यावरून माणूस चालत जातो आणि घरी येतो. मांजर घराबाहेर पडत नाही म्हणून सुरक्षित आहे असं मी मानत होते. पण मी बाहेर पडतेच ना. बाजारात जाते, नारा रोडवरच्या भटक्या पिल्लांना दूध घालते, त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. माझी माया आणि माझे तळवे, दोन्ही एकाच दारातून आत येतात.

घरी आल्यावर न्हाणीघर लोलाचं आणि बाकीचं घर पाचांचं अशी वाटणी झाली. न्हाणीघरात शिरायचा वेगळा गाऊन, वेगळ्या स्लिपर. बाहेर आलं की गाऊन ब्लीचच्या बादलीत आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. तशीच एकदा बाहेर आले तर मनी पायाला अंग घासायला आली. अकरा वर्षं ती तशीच येते. मी झटकन मागे सरकले. ती थांबली आणि तिने माझ्या पायाकडे पाहिलं, तोंडाकडेसुद्धा नाही. मग दोन पावलं मागे जाऊन पलंगाखाली गेली.

हात धुताना आजीचं सोवळं आठवलं. लहानपणी मला ते फार लागायचं. दूर हो, शिवू नकोस. आता मीही तेच करत होते. पण सोवळ्यात ज्याला बाहेर ठेवतात त्याच्यापाशी कुणी बसत नाही. मी जिला वेगळं ठेवलं होतं तिच्याच उशाशी रात्रभर बसत होते, दर तासाला सिरिंजने थेंब थेंब पाणी तोंडात सोडत. विलगीकरण हा शब्द आपण कोरोनात शिकलो. त्यात हे जवळ बसणंही येतं असं मला वाटतं. ते नसेल तर तो नुसता विटाळ.

न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून गूळ पंजा घालायचा. पहिल्या रात्री आतून लोलाने त्या पंजावर आपला पंजा ठेवला होता. मी दोघांचेही पंजे बाजूला केले आणि फटीत कापड कोंबलं. एवढं कठोर काम मी दुसरं केलेलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे लोला गेली. ती माझ्या मांडीवर होती.

मग मोजणी सुरू झाली. लागण झाली असेल तर साधारण दोन आठवड्यांत दिसते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली मी पाच अक्षरं लिहायला लागले, म, का, शे, ती, गू. जेवलं की बरोबरची खूण, उलटी झाली की फुली. सातव्या दिवशी गूळपुढे फुली पडली. रात्रीचे अकरा वाजले होते. बॅटरी घेऊन ती उलटी तपासली तर केसांचा गोळा निघाला. मी फरशीवरच बसून रडले. चौदावा दिवस गेला, पंधरावा गेला. पाचही जणं जगली. गूळचं नशीब म्हणायचं, चौघांच्या बाबतीत लस म्हणायची. त्याचा बूस्टर मी त्याच महिन्यात करून घेतला.

पुढची काळजी त्याच वर्षाच्या अखेरीला आली, ती वाघांकडून. आमच्याकडून मानकापूर ओलांडून काटोल रोडला लागलं की गोरेवाडा. तिथल्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबरात दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला कळलं की बर्ड फ्लू, एच५एन१. जंगलातून त्या केंद्रात आणलेली ती जनावरं. खाण्यातून आलं असावं अशी शंका होती. महिना संपायच्या आत सावनेर-सौंसरच्या वाटेने सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येच तो विषाणू सापडला आणि तिथली चिकनची दुकानं बंद झाली.

मी तोवर मांजरांसाठी दुकानातून छिछडे आणि कलेजी-पोटा आणायची, आणि काळूला कच्चंच आवडतं म्हणून थोडं कच्चं द्यायची. त्या दिवसापासून बंद. आता कुकरला चांगलं शिजवते. सत्तर अंशांच्या वर सगळीकडून नीट शिजलं की हा विषाणू टिकत नाही. काळू दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी खायला लागला.

त्याच आठवड्यात एक शेजारी म्हणाले, "मॅडम, बिल्लियाँ छोड आओ कहीं." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, भीती होती. घरात लहान नातू. मी त्यांना बसवून सांगितलं की मांजराकडून माणसाला हा रोग होणं फार विरळ. आणि सोडून यायचं कुठे? रस्त्यावरच्या मेलेल्या पक्ष्यांमध्येच ना? घरात शिजवलेलं खाणारं मांजर उकिरड्यावर गेलं तर धोका वाढतो, सगळ्यांचाच.

आपल्याच वऱ्हाडातली एक गोष्टही त्यांना सांगितली. प्लेगच्या काळात अमरावतीला बुकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की मांजरं प्लेग अडवतात. ज्या गावांत मांजरं पुष्कळ तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असं त्यांचं म्हणणं. मांजरालाही प्लेग होतो हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे आपल्या घरांची राखण करताना तीही मरत असतील. मला हे वाचल्यापासून मांजराच्या आजाराला 'त्यांचा' आजार म्हणवत नाही.

शेजाऱ्यांच्या नातवाला आता टबात चपला टेकवायला आवडतं. तो आला की तीळ आणि गूळ दारापर्यंत धावतात.

पावसाळ्यात पुन्हा जिन्याखाली, स्कूटरखाली पिल्लं सापडतील. तुम्ही एखादं घरी आणणार असाल तर जरूर आणा, पण पहिले दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याच्यापाशी बसा. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. बूस्टरची तारीख कालनिर्णयवर आजच लिहून ठेवा. बाहेरच्या मांजरीला चिकन टाकत असाल तर शिजवून टाका. आणि आत येताना चपला दाराबाहेर काढा.